तिसरा रकाना

शिदाप्पा कोळेकरांनी सही करायला पेन हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की गाडीत पंखा आहे का.

आहे, मी म्हटलं. ऑक्सिजन आहे, सलाइन अडकवायला हूक आहे, घरच्यांना बसायला बाकडं आहे आणि डोक्यावर छोटा पंखाही आहे. हे सगळं मला तोंडपाठ होतं. त्याच केबिनमध्ये, त्याच खुर्चीवर बसलेल्या सतरा घरांतल्या माणसांना मी ते आधी सांगितलं होतं आणि सगळ्यांचं त्यानं समाधान झालं होतं. आपलं माणूस मरायला टेकलेलं असताना लोक पंख्याची चौकशी का करतात याचं मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही. अशा वेळी ज्याचं उत्तर मिळेल असा एक तरी प्रश्न माणसाला हवा असतो.

टेबलापलीकडं डॉक्टर हुपरीकर बसले होते. सर वॉर्डात खेकसत, फोनवर इंग्रजी झाडत, ट्रस्टींपुढं नुसती मान डोलवत. पण कुणाचं माणूस घरी पाठवायचं असलं की त्यांच्या आवाजावर साय धरायची.

“काका, आमच्याकडून आम्ही सगळं केलं,” ते म्हणाले. “आता औषधापेक्षा घरची माणसं, घरचा उंबरा, यातच त्यांना बरं वाटेल. घेऊन जा.”

शिदाप्पांनी मान हलवली. जतकडचा, उन्हानं रापलेला, टोपी मांडीवर ठेवून बसलेला साठीचा माणूस. डॉक्टर इतकं गोड बोलतोय म्हणजे आपल्या भल्याचंच असणार, एवढा त्यांचा जगावर विश्वास होता. पेन कागदाला टेकलं. तेवढ्यात दार न वाजवता सुवार्ता सिस्टर आत आल्या. वॉर्डाच्या त्या मुख्य सिस्टर, वीस वर्षांची नोकरी झालेल्या, आणि सरांना न घाबरणारं हॉस्पिटलातलं एकुलतं एक माणूस.

“सर, सहा नंबरची बाई जाणार नाही म्हणतीय,” त्या म्हणाल्या. “पदराची गाठ पलंगाच्या दांडीला मारून बसलीय. सकाळी नऊपासनं.”

सरांनी घड्याळाकडं पाहिलं. त्यांचा राउंड अकराला झाला होता, बाईंना घरी पाठवायचं त्यांनी साडेअकराला ठरवलं होतं आणि आता बारा वाजत होते. मग बाईंना नऊ वाजताच कसं कळलं, हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला. पण गडबडीत तो तसाच राहिला, आणि पुढं पाच वर्षं राहिला.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि आमच्या भागातल्या एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात नोंदी ठेवायच्या कामावर होतो. बी.एस्सी. झालेला, अक्षर चांगलं, जीभ अक्षराहून चांगली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. तिथं अजून लोक बरे होतात, त्यांना उगाच धास्ती नको.

हुपरीकर सरांनी तेव्हा एक अभ्यास हाती घेतला होता. कॅन्सरच्या औषधांनी गाठीबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मरतात. चार हजारांच्या वर असायला हव्यात त्या दोनशे-तीनशेवर येतात. त्या दिवसांत साधा ताप आला तरी तो साधा राहत नाही, लगोलग दाखल करून शिरेतून औषध चालू करावं लागतं. एवढं करून काही वाचतात, काही जातात. किती वाचतात आणि किती जातात हे शंभर पेशंटांवर मोजायचं आणि पुण्याच्या परिषदेत मांडायचं, असा सरांचा बेत होता. बेत उत्तमच होता. फक्त उत्तर त्यांनी आधी ठरवून ठेवलं होतं. त्यांचे एक वर्गमित्र आदल्या वर्षी त्याच परिषदेत शंभरात पाच मृत्यू सांगून टाळ्या घेऊन आले होते. सरांना तीन हवे होते.

प्रत्येक पेशंटचा चार पानी फॉर्म मी भरायचो. शेवटच्या पानावर तीन रकाने. पहिला, बरा होऊन घरी. दुसरा, मृत्यू. तिसरा, स्वेच्छेने घरी. हा तिसरा रकाना ही मोठी सोय होती. त्यात गेलेला माणूस वाचलेल्यांतही धरायचा नसे आणि मेलेल्यांतही. रक्तदाब उतरायला लागला, हातपाय गार पडायला लागले, की घरच्यांना केबिनमध्ये बोलवायचं, सरांनी साय धरलेल्या आवाजात चार शब्द बोलायचे, आणि मी मजकूर पुढं करायचा: ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर व स्वखुशीने पेशंटला घरी नेत आहोत.’ खाली सही. गाडी फाटकाबाहेर पडली की आमच्यापुरता तो माणूस संपला.

सरांचं मन काळं होतं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं शेवट घरात व्हावा असं पुष्कळांना वाटतं, ते खरंच होतं. सर त्या खऱ्याच्या आड उभे राहून आपला आकडा सांभाळत होते, आणि सरांच्या आड मी उभा होतो. माझं काम चोख असायचं. सकाळी आठला आलो की ताप, रक्तदाब आणि पेशींचे आकडे बघून आज तिसऱ्या रकान्यात कोण जाणार हे मला सरांच्या आधी उमगायचं, आणि मी सगळी तयारी करून ठेवायचो. त्या तत्परतेबद्दल सरांनी मला एकदा सगळ्यांदेखत शाबासकी दिली. मी ती घरी जाऊन आईला सांगितली, तिनं देवापुढं साखर ठेवली. आता आठवलं की लाज वाटते.

नव्याण्णव केसेस झाल्या तेव्हा तिसऱ्या रकान्यात सतराजण होते आणि दुसऱ्यात बरोबर तीन. शंभराव्या आल्या मालन कोळेकर.

पन्नाशीची, बुटकी, अंगानं आटलेली बाई. स्तनाचा कॅन्सर, औषधाचा तिसरा डोस होऊन दहा दिवस झालेले, ताप एकशे तीन, पेशी दोनशे. केस गळालेल्या डोक्याला नवऱ्याचा टॉवेल गुंडाळलेला. हॉस्पिटलचा झगा घालायला त्यांनी साफ नकार दिला होता. पहिल्या दिवशी त्या मला साहेब म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी आडनावानं शेटे म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून अरेतुरेवर आल्या. मी त्यांना मालनकाकू म्हणू लागलो.

त्या तिसऱ्या दिवशी फॉर्म भरायला मी गेलो तर उलटतपासणी माझीच झाली. प्रत्येक पानावर काय लिहिलंय ते त्यांना हवं होतं. तिसऱ्या रकान्यापाशी त्या अडल्या.

“ह्यात कोण जात्यात? बरी झाल्याली?”

मी सांगितलं की बरे झालेले नाही, जरा सीरियस असलेले, आतापर्यंत सतरा.

“मग त्यास्नी मेल्याल्यांत का धरत न्हाईस?”

“ते इथं मरत नाहीत ना, काकू.”

त्या एवढ्या तापातही हसल्या. मग म्हणाल्या, “आमच्यात बी आसंच करत्यात.”

काकूंची दोन हजार पिल्लांची पोल्ट्री होती. पिल्लं कंपनीची, शेड यांची. दर आठवड्याला कंपनीचा सुपरवायझर येऊन किती पिल्लं मेली ते बघणार, त्या आकड्याला त्यांच्यात मर्तुक म्हणतात. मर्तुक शंभरात पाचाच्या वर गेलं की कंपनी पुढची बॅच देत नाही. म्हणून तो यायच्या आदल्या दिवशी मान टाकलेली पिल्लं गोळा करायची आणि ओढ्यात नेऊन टाकायची, म्हणजे कागद स्वच्छ. मी विचारलं, तुम्हीही टाकायचात का.

“पैल्या दोन ब्याचला टाकली,” त्या म्हणाल्या. “मग एकदा टाकल्याल्यातली चार सांजच्याला चालत माघारी शेडात आली. तवापासनं न्हाई टाकत. बाजूला काढती, बल्बाखाली ठिवती, चमच्यानं पाणी पाजती. मान टाकल्यालं समदंच मरत न्हाई, शेटे. धातली चार उठत्यात.”

मी मान डोलवली, ‘व्यवसाय: कुक्कुटपालन’ असं लिहिलं आणि पुढच्या बेडकडं गेलो. डोक्यात काही शिरलं असेल तर शपथ.

सहाव्या दिवशी सकाळी काकूंचा रक्तदाब ऐंशीवर आला होता. लघवी कमी, पेशी दोनशेच्या पुढं हलायला तयार नाहीत. त्या गेल्या असत्या तर दुसऱ्या रकान्यात चार झाले असते, आणि सरांची पुण्याला न्यायची स्लाइड तीनाची तयार होती. मी आठलाच आकडे पाहिले. पुढचं अकरा ते बारामध्ये झालं ते वर सांगितलंच आहे.

तर सर केबिनमधून तरातरा निघाले, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं हातात पेन तसंच धरून शिदाप्पा, आणि सगळ्यांत शेवटी हाताची घडी घालून सुवार्ता सिस्टर. सहा नंबरच्या बेडवर काकू उशीला टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर, श्वास तुटक, पण पदर दांडीला बांधलेला, गुरांच्या बाजारात दावं बांधतात तशी गाठ.

सरांनी पुन्हा साय काढली. काकूंनी त्यांचं बोलणं संपू दिलं.

“सही कोण करनार?” त्यांनी विचारलं.

“तुमचे मालक.”

“आजारी कोण हाय?”

सरांनी पलंगाला अडकवलेला तापाचा तक्ता हातात घेतला.

“मालक आजारी न्हाईत. त्यास्नी घरी सोडा,” काकू म्हणाल्या. एकेक वाक्य बोलायला त्यांना थांबावं लागत होतं. “मी हितंच ऱ्हानार. मेली तर मला तुमच्या मर्तुकात धरा.”

सर मूळचे शहरातले. त्यांनी माझ्याकडं वळून हळूच विचारलं, बाई कशात धरा म्हणतीय. मी म्हटलं, “मॉर्टॅलिटीत, सर.”

सरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. हे पेशंटला कुणी सांगितलं, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि मी मराठीत गप्प बसलो. आजूबाजूच्या बेडवरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक सगळे बघत होते. सुवार्ता सिस्टर एवढंच म्हणाल्या, की पेशंट शुद्धीवर आहे, नाही म्हणतीय, मी तिला स्ट्रेचरवर घेणार नाही. शिदाप्पांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा डॉक्टरांकडं, आणि पेन माझ्या हातात परत दिलं. लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाला कुणाला जास्त भ्यायचं ते कळतं.

मग सरांचा नाइलाज झाला आणि नाइलाजानं ते डॉक्टर झाले. काकूंना आयसीयूत हलवलं. रक्तदाब वर आणायचं औषध लागलं. कपाटातलं सगळ्यांत जालीम अँटिबायोटिक काढलं. पेशी वाढवायच्या इंजेक्शनांची मात्रा बदलली. दर दोन तासांनी सर स्वतः बघून जायला लागले, कारण शंभराव्या केसनं आता त्यांच्या उरावर बसायचं ठरवलं होतं. ते अँटिबायोटिक कपाटात पहिल्या केसपासून होतं, हे मला माहीत होतं. त्याची नोंदही माझ्याच अक्षरात होती.

एरवी फॉर्म भरून झाल्यावर मी पेशंटच्या वाटेला जात नसे. त्या चार दिवसांत मात्र आयसीयूच्या काचेपाशी जाऊन उभा राहायचो. ही बाई वाचावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि का वाटतंय ते समजत नव्हतं. बाहेर बाकावर शिदाप्पा बसलेले असत. त्यांनी मला दोनदा विचारलं, की तिला खोलीत पंखा आहे ना. एसी आहे म्हटलं तरी त्यांचा जीव राहिना, शेवटी आत नेऊन दाखवला.

चौथ्या दिवशी रक्तदाब औषधाशिवाय थांबायला लागला. सातव्या दिवशी पेशी नऊशे झाल्या, दोन दिवसांनी अडीच हजार. ताप गेला. काकू वॉर्डात परत आल्या, भाकरी मागू लागल्या आणि शिजवलेलंच खायचं म्हणून सिस्टरांनी कांदा नाकारला तेव्हा भांडल्या. पहिल्या रकान्यात खूण करायला मी गेलो, तर त्यांनी माझा हातच धरला.

“ती सतरा मानसं कुटवर पोचली रे?”

“ते आमच्याकडं नसतं, काकू.”

“फोन न्हाई व्हय तुज्याकडं?”

फोन होता. प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पानावर नंबरही होता, मीच लिहिलेला. दोन दुपारी बसून मी सतरा नंबर फिरवले. खरं तर काकूंना काहीतरी सांगून गप्प करावं, एवढाच हेतू होता. सोळा घरांत माणूस गेलेलं होतं. कुणी वाटेतच, कुणी त्याच दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी. आणि या सोळाही घरांनी माझे आभार मानले. डॉक्टरसाहेब देवमाणूस, शेवटचं घरचं पाणी तोंडात घालता आलं, तुम्ही गाडीची किती सोय केली, पंखासुद्धा होता. एका बाईनं मला वर्षश्राद्धाला जेवायला बोलावलं. शिव्या बसल्या असत्या तर मी फोन ठेवून मोकळा झालो असतो. आभारांचं काय करायचं ते मला सुचेना.

सतरावा नंबर केरबा सुतारांचा. वाजला, उचलला. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, की केरबा सुतारांच्या घरचं कोण बोलतंय.

“मीच केरबा,” पलीकडून आवाज आला. “बोला.”

त्यांनी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं, तर गडी आनंदला. त्यांची हकिगत अशी, की आमची गाडी सरकारी दवाखान्यासमोर बंद पडली. ऑक्सिजन संपत आला, म्हणून मुलानं नि मेव्हण्यानं उचलून आत नेलं. तिथं वऱ्हांड्यात गादी मिळाली, बारा दिवस सलाइन चाललं, तेराव्या दिवशी स्वतःच्या पायानं घरी. आता पुन्हा रंधा धरला होता.

“तुमच्या गाडीवाल्याला माझा नमस्कार सांगा,” केरबा म्हणाले. “गाडी चांगली असती तर मी ऱ्हातो व्हय?”

मी फॉर्म घेऊन सरांकडं गेलो. सर सुरुवातीला चिडले, की फोन करायला कुणी सांगितलं होतं. मग केरबाचं ऐकलं आणि एकदम खुलले. म्हणाले, वा, मग त्याला पहिल्या रकान्यात घ्या, आपलाच पेशंट, औषध आपणच सुरू केलं होतं.

“आणि बाकीचे सोळा, सर?”

“ते घरी गेले ना? घरी काय झालं ते आपल्या हातात नाही.”

“केरबाही घरीच निघाला होता, सर.”

“शेटे,” सर म्हणाले, “तुम्ही फॉर्म भरा.”

मी भरला. केरबा पहिल्या रकान्यात आला, सोळाजण जिथं होते तिथंच राहिले.

काकूंच्या सुटीच्या दिवशी मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्या पिशवी आवरत होत्या, शिदाप्पा चपला पुसत होते. केरबाचं ऐकून त्यांना हसू फुटलं ते खोकला येईपर्यंत. वढ्यातनं चालत आलं म्हणा की एक, असं म्हणाल्या. मग हसू थांबलं.

“माज्या म्होरं काय लिवलंस?”

“बरी होऊन घरी.”

“तसं नगं,” त्या म्हणाल्या. “सही दिली न्हाई म्हणून ऱ्हायली, आसा रकाना हाय का तुज्यात?”

नव्हता. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेल्या.

यापुढं मी जे केलं ते मोठ्या मनानं केलं असं सांगायला मला आवडलं असतं, आणि पुष्कळ वर्षं मी तसंच सांगत होतो. खरं असं की परिषदेच्या आदल्या आठवड्यात सरांनी आभाराची यादी दिली. तीत ट्रस्टी होते, सरांचे मेव्हणे होते, औषधकंपनीचा माणूस होता. शंभर फॉर्म भरणारा शेटे नव्हता. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सोळा माणसांच्या मरणानं जे झालं नव्हतं ते नाव गळाल्यानं झालं. मी स्लाइडवरचे तीन खोडले आणि तिथं एकोणीस लिहिले. सर वाचणार तो छापील कागदही बदलला. सरांची एक खोड मला माहीत होती. माझ्या हातून आलेला कागद ते कधी आधी वाचत नसत.

पुण्याला त्यांची बॅग उचलायला मी बरोबर होतो. सभागृह भरलेलं. सर सूट घालून उभे राहिले आणि ठणठणीत आवाजात वाचत गेले, की शंभर पेशंटांपैकी तीन रुग्णालयात दगावले, फोनवर केलेल्या चौकशीनुसार सोळा घरी नेल्यावर तीन दिवसांच्या आत, एकूण मृत्यू एकोणीस. एकोणीस म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी मान वर करून पडद्याकडं पाहिलं. पडद्यावरही एकोणीस. पहिल्या रांगेतल्या वर्गमित्राच्या चेहऱ्यावर हसू उमटायला लागलं होतं. मी मागच्या दाराकडं सरकलो.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक म्हातारे डॉक्टर काठी टेकत उठले. म्हणाले, की चाळीस वर्षं मी या परिषदांना येतोय, घरी नेलेल्या पेशंटचं पुढं काय झालं हे फोन करून विचारणारा पहिला माणूस आज पाहिला. आपण सगळे तीन नि पाच सांगतो. यांनी खरं सांगितलं. मग ते वर्गमित्राकडं वळून म्हणाले, तुमच्या पाचांत घरी गेलेले धरलेत का. आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. हुपरीकर सर क्षणभर भेलकांडले, मग त्यांनी छातीवर हात ठेवला, मान लववली आणि सांगितलं, की आकड्यांपेक्षा माणूस मोठा, ही आमच्या हॉस्पिटलची शिकवण आहे.

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. परतीच्या गाडीत सरांनी शालीची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली. मग म्हणाले, “यापुढं घरी गेलेल्या प्रत्येकाला फोन करत जा, शेटे.” खऱ्या आकड्याचा माणूस म्हणून नाव झाल्यावर खोटा आकडा त्यांना परवडणार नव्हता. आता फोन होणार म्हणजे घरी पाठवून आकडा कमी दिसणार नव्हता, म्हणून कपाटातलं औषध लवकर निघायला लागलं. पुढच्या शंभरात मृत्यू खरोखरच बारावर आले. छापून आलेल्या लेखात माझं नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं.

मालनकाकू दर वर्षी तपासणीला येत राहिल्या. पोल्ट्रीच्या कामाचं बोलत, घरच्या गावठी कोंबड्यांची अंडी आणत आणि औंदा मर्तुक किती, असं दारातूनच विचारत. पाचव्या वर्षी त्या आल्या तेव्हा ऑफिसात एक नवीन सिस्टर होती. मी तिला काकूंची ओळख करून दिली आणि ओघात माझी सगळी गोष्ट रंगवून सांगितली. सतरा फोन, केरबा, बदललेली स्लाइड, उभ्या टाळ्या. आभाराच्या यादीचं वगळलं. शेवटी म्हटलं, काकूंना वास आला होता बघा, डॉक्टरांनी ठरवायच्या आधी अडीच तास पदर बांधून तयार. आणि काकूंना विचारलं, “पण तुम्हाला नवालाच कसं कळलं हो?”

काकूंनी माझ्याकडं टक लावून पाहिलं.

“तुला खरंच ठावं न्हाई?” त्या म्हणाल्या. “नवाला गाडीवाला आला हुता. पलंगापाशी यून म्हनला, मावशी, कुटल्या गावाला जायाचं, रस्ता कसा हाय. मी म्हनलं, कोन म्हनलं जायाचं म्हनून? तर म्हनला, शेटेंचा फोन आला आठ वाजता.”

नवीन सिस्टर माझ्याकडं बघायला लागली.

गाडी एकच होती. उशिरा सांगितलं तर ती दुसरीकडं जायची, म्हणून मी सकाळी आल्या आल्या फोन करून ठेवायचो. सतराही वेळा तसाच केला होता. सर अकराला राउंडला यायचे तेव्हा गाडी पोर्चमध्ये उभी असायची आणि भरलेला कागद त्यांच्या टेबलावर. सर आधी कागद बघायचे, मग पेशंट बघायचे. इतकी वर्षं मी समजत होतो की ठरवायचे ते सर, मी फक्त तयारी करायचो. सोळाजणांचं कोणी ठरवलं होतं, ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

काकूंनी अंड्यांचा ट्रे माझ्या टेबलावर सरकवला आणि पिशवी उचलली.

“गोष्ट झ्याक सांगतोस,” त्या म्हणाल्या. “सांगशील तवा गाडीचं बी सांगत जा.”

त्यानंतर नऊ वर्षं मी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. आज सांगितली ती गाडीसकट.